हळदीचं गाणं

चौक गावची धवळारीण बारकूबाई गाताना डोळे मिटायची नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून गायची. आमच्या आगरी लग्नात देवांचे धवळे गाणारी ही बाई भटाइतकी मानाची. माझ्या आणि माझ्या बायकोच्या, यमुनेच्या, दोघांच्याही हळदीला तीच होती. माझ्या मांडवात पितळी ताट बडवत तिनं एका दमात म्हटलं,

"हळद लाव गं, हळू लाव, कानामागं लाव,
जिथं तिचा श्वास लागंल, तिथं दाट लाव."

माझे कान तापले. "बघा गं, नवरा हळदीआधीच लाल झाला," ती म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

सकाळी तीच बाई देवांना आवतण द्यायला उभी राहिली, तेव्हा मला वाटलं ही दुसरीच कुणी. तसं बोललो, तर म्हणाली, "देव बी हाय, आंग बी हाय. तोंड मला एकच दिलंय."

यमुना संसारभर ते गाणं गुणगुणायची. मग तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरनं हात टेकले. "अवो, तेवढं हळदीचं गानं बारकूबाईच्या तोंडून ऐकवा," म्हणाली.

मी चौकला गेलो. बारकूबाई ओट्यावर सुकट निवडत होती. मी पायरीशीच थांबलो. मरणाच्या घरी गायलेल्या धवळारणीला आमच्याकडे पुन्हा लग्नाला कुणी बोलवत नाही.

"यमुना कशी हाय रं?"

"जातेय. तुझं गानं मागतेय."

ती सुकट निवडतच राहिली. "काय मागतोस, ठावं हाय ना?"

"हाय."

"मंग रडतोस कशाला? चल, यष्टी चुकंल."

यमुनेच्या खाटेवर बसून तिनं सगळं गाणं म्हटलं. एक ओळ गाळली नाही. यमुना लाजली. मरणारं माणूस लाजतं, हे मी तेव्हा पाहिलं. त्याच आठवड्यात ती गेली.

पुढच्या लगीनसराईत बारकूबाईला कुणी विचारलं नाही. वराती तिच्या दारावरून जायच्या.

माझ्या पोरीचं ठरलं तेव्हा मी अक्षत घेऊन गेलो. तिनं ती माझ्याच हातात परत दिली. "माझ्यापायी पोरीला सासरी बोल लागंल. नेरळची आण. गाते बरी. माझ्याइतकी नाय."

पुढं बारकूबाईही गेली.

नेरळची मी आणली नाही. पोरीचं लग्न धवळ्यांवाचून लावलं. लोक अजून म्हणतात, ते लग्न पुरं लागलंच नाय. म्हणू देत.