खोडलेला तीन

कल्पना करा, तुमच्यापुढे एक गणित आहे. एक लोखंडी टाकी, सगळीकडून बंद. आत हवा. खोलीचं तापमान सत्तावीस अंश, टाकीवरचा दाबाचा काटा दोनवर. आता टाकी एकशे सत्तावीस अंशांपर्यंत तापवली, तर काटा कितीवर जाईल? पेन्सिल घ्या. वायूच्या नियमांना आपले रोजचे अंश चालत नाहीत, म्हणून दोन्ही तापमानांत दोनशे त्र्याहत्तर मिळवा. तीनशे आणि चारशे झाले. बंद टाकीत दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. दोन गुणिले चारशे, भागिले तीनशे. उत्तर २.६७.

असंच केलंत ना? मीही असंच शिकवलं होतं. माझ्या बाबांना विचारलं असतंत, तर त्यांनी पेन्सिल न उचलता सांगितलं असतं, "तीन." आणि तीनच बरोबर आहे.

बाबा सिलिंडर रंगवण्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं भट्टीवर होते. ओला रंग भाजून पक्का करणारी ही भट्टी खोलीएवढी, पत्र्याच्या दाराची. बाबा तिथं लागले त्याच वर्षी तिचा तापमापक बिघडला आणि नवा येता येता नऊ वर्षं गेली. तोवर काय करायचं? बाबांनी भंगारातून हातभर लांबीची एक टाकी आणली आणि तिला बारीक नळी लावून काटा दाराबाहेर बसवला. रोज सकाळी भट्टी गार असताना टाकीत दोनपर्यंत हवा भरायची, झाकण आवळायचं आणि आच लावायची. काटा तीनला टेकला की भट्टी तयार. पुढे नवा तापमापक आला, तेव्हा काटा तीनवर असताना त्याच्या पडद्यावर एकशे सत्तावीस अंश उमटले. सगळे त्यांना काटेवाले म्हणायला लागले ते तेव्हापासून. नवा तापमापक आल्यावरही ते आधी काट्याकडेच बघत. "पडदा बोलतो, काटा सांगतो," म्हणत. दोन्हींतला फरक मात्र त्यांनी कधी समजावला नाही.

मग कारखान्यात नियम आला. दाबाची भांडी हाताळणाऱ्या प्रत्येकानं लेखी परीक्षा द्यायची. पाच गणितं, त्यातली तीन बरोबर यायला हवीत. नाहीतर भट्टी सोडायची आणि मागच्या अंगणात सिलिंडरची टोपणं घासत बसायचं. सातवी शिकलेल्या बाबांनी नियमाचा तो कागद घरी आणून माझ्यापुढे ठेवला. मी नुकतीच केमिकलची पदविका घेतली होती. घरात पहिलीच.

दर रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शिकवणी चालायची. आई शेजारी वाटाणे सोलत बसलेली असायची.

"मास्तरीणबाई, हे दोनशे त्र्याहत्तर कुठून काढलंत?" बाबांनी विचारलं.

"शून्य अंशावर थंडी संपत नाही, बाबा. त्याच्या खालीही जाते. खरं शून्य दोनशे त्र्याहत्तर अंश खाली आहे."

"म्हणजे आपलं शून्य सोयीचं. कुणीतरी मध्येच मांडलेलं."

"हो, तसंच."

बाबांनी पेन्सिलीनं कान खाजवला. "मग काट्याचं शून्यही तसंच असणार की गं. टाकीचं झाकण उघडं टाकलं तरी आत हवा असतेच, आणि काटा म्हणतो शून्य. त्यातही काहीतरी मिळवावं लागेल."

मी हसले. नुसती हसले असते तरी चाललं असतं, पण मी आईकडे बघून हसले. "बाबा, तापमानात मिळवायचं, दाबात नाही. उगाच दिसेल त्यात बेरीज करू नका. दिलेला दाब आहे तसा सूत्रात घालायचा."

आई म्हणाली, "यांना एक सांगितलं की दोन करतात. भाजीत मीठ घाला म्हटलं तर चहातही घालतील."

बाबाही हसले. "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

मी दोनशेच्या वर गणितं सोडवली होती. त्या सगळ्यांत दाब खऱ्या शून्यापासून मोजलेला, म्हणून त्यात काही मिळवायचं नसे. खरा काटा मी हातात कधी धरलाच नव्हता. बाहेरची हवा आपल्याला सगळीकडून साधारण एक बार, म्हणजे काट्यावरच्या एका आकड्याएवढी, दाबत असते आणि काटा तिच्या वरचं तेवढं दाखवतो, हे मी वाचलं होतं. पाठही होतं. पण समोर बसलेला माणूस नेमकं तेच विचारतोय, हे मला कळलं नाही. दोनात एक मिळवून तीन. तिनाला चारशे भागिले तीनशेनं गुणलं की चार. चारातून बाहेरच्या हवेचा एक वजा. काटा तीन. बाबांची एकवीस वर्षं एवढ्या तीन पायऱ्यांत मावत होती.

परीक्षेच्या महिनाभर आधी प्रश्न काढणाऱ्या इंजिनिअरबाई कारखान्यात फिरून गेल्या होत्या. बाबांची टाकी त्यांना फार आवडली आणि पाचांतलं एक गणित त्यांनी तिच्यावरच घातलं. दोनवरचा काटा, सत्तावीस, एकशे सत्तावीस. बाबांसाठी ते जवळजवळ आंदणच होतं.

बाबांची दोन गणितं बरोबर आली.

तपासलेला पेपर त्यांनी चार घड्या घालून घरी आणला. जेवणाआधी मी तो उलगडला. तिसऱ्या प्रश्नाखाली ठळक तीन लिहिला होता. त्यावर आडवी रेघ. खाली माझ्या रीतीनं, माझ्याच पद्धतीनं आखलेल्या ओळींत सगळं गणित, आणि शेवटी २.६७ भोवती चौकट. उत्तराला चौकट करायची हेही मीच शिकवलं होतं. बाजूला लाल शाईत बाईंनी लिहिलं होतं, "आधीचं बरोबर होतं. का खोडलंत?"

"का खोडलंत?" मीही तेच विचारलं.

"रीतीनं तीन येत नव्हतं," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्यांची पाठ वळायच्या आत मला चूक कळली होती. तेवढ्यात आई पानं वाढता वाढता म्हणाली, "पोरीनं रविवारचे रविवार घालवले. निदान तिच्या कष्टांकडे बघून तरी नीट लिहायचं."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. "आई, चूक माझी आहे," एवढंच म्हणायचं होतं. मी पेपरच्या घड्या पहिल्यासारख्या घातल्या आणि म्हणाले, "जाऊ दे आई, सहा महिन्यांनी परत बसता येतं." वर समजूतदारही दिसले. बाबा खाली मान घालून जेवत होते. चूक कुणाचीही होते. मी मात्र ती त्यांच्या पानात वाढली.

अकरा दिवस मी गप्प राहिले. बाराव्या दिवशी ते चष्मा घरी विसरले आणि तो द्यायला मी कारखान्यात गेले. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "काटेवाल्यांची मुलगी ना? त्यांना शिकवलंस ती तूच का?" मी हो म्हणाले, आणि तो "वा" म्हणाला.

बाबा मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली स्टुलावर बसले होते. उजवीकडे गंजलेल्या टोपणांचा ढीग, डावीकडे घासलेल्यांचा. मध्ये ती टाकी. नव्या भट्टीवाल्याला तिची गरज नव्हती, म्हणून त्यांनी ती उचलून आणली होती. त्यांनी चष्मा घेतला, सदऱ्याला पुसला.

"बाबा, तीन बरोबर होतं. तुम्ही त्या रविवारी म्हणालात ते बरोबर होतं. काट्यात एक मिळवायचं असतं. मी चुकीचं शिकवलं." मग आणखी एक सांगायचं होतं. "आणि आई बोलली तेव्हा मला हे माहीत होतं."

बाबांनी ब्रश खाली ठेवला नाही, पण घासणं थांबलं. "पेपर लिहिताना वाटलं होतं तसं. पण म्हटलं, एवढी शिकलेली आहे, तिला दिसतंय ते आपल्याला दिसत नसेल."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"आईला मी आजच सांगते."

"सांग. चहात मीठ घालायला मी मोकळा झालो." ते थोडं हसले, मी नाही. मग त्यांनी टाकी पुढे ओढली आणि काट्यावर बोट ठेवलं. काटा शून्याला, तबकडीतल्या बारीक खिळ्याला टेकून उभा होता. "हा खिळा काटा खाली जाऊ नये म्हणून मारलाय. म्हणजे खाली जागा आहे. आता मला एक सांग. टाकी तापवली की हवा जास्त दाबते. मग ती गार करत गेलो, गार करतच गेलो, तुझ्या त्या खऱ्या शून्यापर्यंत, तर हवा दाबायचं सोडून देईल?"

सूत्र माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. "मला नक्की माहीत नाही, बाबा. नीट बघून सांगते."

त्यांनी मान हलवली, एक टोपण उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"आणि तेव्हा आत जे असेल, त्याला हवा म्हणायचं का?"