दातांच्या डॉक्टर अक्का

डॉक्टर अक्का मला पहिल्यांदा भेटल्या त्या भांडतानाच. करजगीच्या एका लग्नात नवरीच्या मामानं सोड्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडलं, आणि पंगतीतून उठून एक पाहुणी बाई त्याच्यावर तुटून पडली. "तोंड हाय का पाना? कामून दात फोडायलास?" मामा नुसताच हसला. अशा हसणाऱ्यांचा अक्कांना भारी राग.

अफजलपुरात त्यांचा दवाखाना होता. आमच्याकडं सुपारी दातांनी फुटते, ऊस दातांनी सोलला जातो, दोरीची गाठही दातांनीच सुटते. त्यामुळं खुर्चीत बसणाऱ्याला आधी बोलणी, मग औषध. "देवानं हात काय टाळ्या पिटायला दिल्यात?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक त्यांना नावं ठेवत आणि दाढ ठणकली की मुकाट तिथंच जात.

माझा धाकटा भाऊ सिद्धू आमच्या जत्रेत जोंधळ्याचं पोतं दातांनी उचलायचा. पोत्याच्या दोराला फडकं गुंडाळायचं, ते दाढांत धरायचं आणि मान वर करायची. हलगी कडाडते, पंच फेटा बांधतात. यात कसला आलाय पराक्रम? ओझं वाहायला आपण गाढवाचीसुद्धा पाठ वापरतो, दात नव्हे!

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर त्याची दाढ दुखू लागली. मी त्याला अक्कांकडं नेलं. त्यांनी एक काडी चावायला दिली.

"चावून सोडताना कळ येती. व्हय का न्हाई?"

"व्हय, अक्का."

"दाढंला चीर गेलीया. अजून वरच हाय. वरनं धातूची टोपी बसवली तर वाचंल. पण पोतं उचललास तर चीर मुळात जाती, मग उपटण्याबिगर इलाज न्हाई."

त्यांनी टोपीचं माप घेतलं. ती तयार होऊन यायला आठवडा लागणार होता आणि जत्रा मधेच येत होती. सिद्धू पोतं न उचलायला कबूल झाला. पण घरी आमचे पंच, अप्पा, येऊन बसलेले. "शेजारच्या गावचं पोरगं उतरायलंय. गावच्या मानाचा सवाल हाय. दाढंत लवंग दाब आन उचल."

मी अक्कांना फोन केला. जत्रेच्या दिवशी त्या तडक मैदानात आल्या. "अप्पा, मानाची एवढी हौस हाय तर तुमीच उचला की! पण आदी कवळी काढून ठिवा, मीच केलीया ती."

लोक पोट धरून हसले. मग पुन्हा हलगी सुरू झाली आणि सिद्धूनं पोतं उचललं.

दुसऱ्या दिवशी दाढ उभी दुभंगलेली निघाली. काल फेटा बांधणारं कुणीही दवाखान्यात फिरकलं नाही. अक्कांनी या खेपेला बोलणी न देताच ती उपटली. हात धुताना तेवढे डोळे पुसले. मग दाढेचे दोन तुकडे कागदात गुंडाळून त्या माझ्यासोबत अप्पांच्या घरी आल्या आणि ते त्यांच्या चहाच्या बशीत ठेवले.

"मान गावाचा व्हता न्हवं? मग दाढ एकट्या सिद्धूची कामून गेली?"

अप्पांनी बशी बाजूला सारली. "अक्का, तुमी चा घ्या," म्हणाले. आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

अक्का गेल्या पावसाळ्यात वारल्या. यंदा वेशीवर जत्रेचा मोठा फलक लागलाय. वरच्या कोपऱ्यात अक्कांचा फोटो आणि अप्पांच्या नावानं 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधोमध दातांत पोतं धरलेला सिद्धू. आणि खाली, यंदाच्या पोतं उचलण्याच्या शर्यतीचं बक्षीस.