येते हां, आजी!

मी तापट बाई. वृद्धाश्रमात नोकरीला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिचं आणि म्हाताऱ्या माणसांचं चार दिवस पटलं तरी खूप झालं." आता नऊ वर्षं होतील. पटतं, पण ओरडते मी अजूनही.

भाट्याच्या पुलापलीकडे आमचा आश्रम. तिथे एक आजी होत्या, जन्मभर मासळी विकलेल्या. सकाळचं, दुपारचं नीट खायच्या. संध्याकाळचं ताट मात्र तसंच झाकून ठेवायच्या. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, "थांब गो, माणूस येतंय. आलं की जेवू."

आम्हाला वाटलं, मुंबईच्या लेकीची वाट बघतायत. मग कुणी सांगायचं, "येईल हां उद्या," तर कुणी, "अहो, ती आता गणपतीलाच येणार." भात गार व्हायचा आणि परत जायचा. आल्यापासून दोन महिन्यांत त्यांची पोलकी ढगळ झाली. डॉक्टर म्हणाले, हा वयाचा भ्रम आहे, आठ दिवसांत जेवण सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. भीती वाटली की मी ओरडते, तशी ओरडले. "आजी, नळी घालून घ्यायची हौस आलीय काय?" येणारं माणूस कोण, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

माझी कामाची पाळी चारला सुटायची. त्या दिवशी मोबाईल आश्रमातच राहिला म्हणून सातच्या सुमाराला परत गेले. खोलीच्या दारात पाय ठेवते तोच आजी म्हणाल्या, "आलीस गो बाय? किती उशीर तो! बस." ताटावरचं झाकण काढलं आणि बांगड्याचा मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवला.

"मला कधी बोलावलंत, आजी?"

"रोज बोलावतंय की मी! जेवायला ये म्हणतंय, तू 'येते हां' म्हणतेस."

आईशप्पथ, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे लहानपणापासून जिभेवर बसलेलं. रोज चारला मी एका हाताने पिशवी सावरत, पायाने चपला शोधत, रिक्षा चुकेल या घाईत मागे न बघता ओरडायची, "येते हां, आजी!" त्या आधी हळू आवाजात जेवायला बोलवत होत्या, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

मी बसले. एकाच ताटात जेवलो दोघी. मग त्यांचा हात धरून म्हटलं, "माझं चुकलं, आजी. मला रोज नाही जमायचं. घरी सासूबाई जेवायच्या थांबतात."

"मग नाय म्हणावं गो. मी काय रागावणार हाय? येतंय म्हटलेल्या माणसाच्या आधी कसं जेवायचं?"

भ्रम म्हणे! डॉक्टरांपेक्षा मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी चारला चपला घालण्याआधी मी त्यांच्या खाटेवर टेकले. त्यांनी विचारलं, "येतेस जेवायला?"

"नाही आजी. आज नाही जमत."

तोंडावर नाही म्हणणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. "बरं. मग मी जेवीन."

साडेसातला संध्याकाळच्या पाळीतल्या बाईंचा फोन आला. "अगो, ताट चाटूनपुसून साफ! केलंस तरी काय तू?" मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या रडायला लागले. सासूबाई धावत आल्या, काय झालं म्हणून.

"आजींना नाही म्हटलं," मी म्हणाले, "म्हणून त्या जेवल्या."