मानेवरचा मळ

आत्यानं माझ्या मोठ्या बहिणीला मोरीत बसवून तिची मान खापरानं घासली, ती दुपार विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. खापर म्हणजे फुटलेल्या माठाचा तुकडा. टाचा घासायला ठीक. आत्या त्यानं ताईच्या मानेवरचा काळा पट्टा काढायला निघाली होती. ताई ओणवी बसलेली, केस पुढे घेतलेले, आणि आत्याचा गुडघा तिच्या पाठीत. "किती मळ वं हा! बापाच्या घरी आंघोळ करत नव्हती का?" पाणी लाल झालं तरी पट्टा काळाच. मी सुट्टीत ताईकडे राहायला आले होते. "आत्या, सोड तिले," म्हणत मी तिचा हात ओढला, तर तिनं मागच्या मागे कोपर मारलं. माझा ओठ फुटला.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि ताईची सासू. आमच्याकडे भावाची पोरगी सून करून आणायची रीत. पोरगी परक्यात जात नाही, घर बघितलेलं असतं, आणि सासू बापाचीच बहीण म्हटल्यावर तिला माया असणारच. वडील गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला होते. तागा उलटसुलट चाचपल्याशिवाय हातावेगळा न करणारा माणूस, पण पोरीच्या बाबतीत त्यांनी डोळे मिटून हो म्हटलं. घरचंच आहे, म्हणाले. सगळी गफलत त्या घरचं असण्यातच होती, पण ते कळायला आम्हाला पुष्कळ रक्त बघावं लागलं.

ताईची पाळी कधीच वेळेवर नव्हती. महिनेच्या महिने यायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा अशी चुकली तेव्हा आत्याला वाटलं, दिवस गेले. तिनं ताईच्या ताटात तूप वाढलं, भरली घागर उचलू दिली नाही, आणि तिसरा महिना लागल्यावर चोरचोळी केली. गाजावाजा न करता, घरातल्या घरात गर्भारणीला हिरवी चोळी द्यायची, ती चोरचोळी. पण आत्याच्या पोटात काही राहतं का? सगळ्या गल्लीला समजलं. आणि त्याच आठवड्यात ताईला पाळी आली.

आत्यानं आधी ती चोळी तिच्या अंगावरून ओढून काढली. मग चुलीजवळची लोखंडी फुंकणी घेतली. "मले गल्लीत तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तुनं! खाल्लं का वं पोराले?" संध्याकाळी ताईचा नवरा, म्हणजे आमचा आतेभाऊ, मिलमधून आला आणि त्यानं चप्पल काढली. आईच्या हातून राहिलेलं काम पोरानं पुरं केलं. पुढे हे नेहमीचंच झालं. आधी आशा, मग रक्त, मग फुंकणी. पाळी आली नाही तरी ताईला धडकी, आली तरी मार. आमची आई तिथे जाऊन रडून यायची आणि निघताना ताईलाच समजावून यायची. त्याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा, आजही येतो.

आता माझं. मी तेव्हा मॅट्रिकला. माझी पाळी ताईपेक्षाही बेभरवशाची, मानेवर तसाच पट्टा, शिवाय हनुवटीवर राठ केस. ते आई चिमट्यानं उपटायची आणि वर मलाच टपली मारायची, जसे काही मी ते हौसेनं लावून घेतले होते. कुणाची पोरगी कधी बाहेर बसली, हे गल्लीतल्या बायांना तोंडपाठ. म्हणून आई मला दर महिन्याला खोटंखोटं बाहेर बसवायची. मी मागच्या पडवीत सतरंजीवर, चांगली धडधाकट, वेगळं ताट, हातात पुस्तक. "काहून वं माय, मले तं काहीच झालं नाई," म्हटलं की ती दातओठ खायची. "बस मुकाट्यानं. नाई तं तुले कोणी करून घेणार नाई." अभ्यास मात्र झकास झाला.

मग एकदा ताईची पाळी आली ती थांबेचना. रक्त जातच राहिलं. ती पांढरीफटक पडली तेव्हा वडिलांनी रिक्षा केली आणि तिला सदर भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई आणि मी होतो, आत्याही आली. सुनेच्या काळजीनं नव्हे. सून वांझ आहे, हे तिला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं. पाठीवरचे वळ पाहिले, मानेवरच्या खपल्या पाहिल्या. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"हा मळ नाही," त्या म्हणाल्या. "कातडं सोललंत तरी जायचा नाही. पाळी चुकते, केस येतात, मान काळी पडते, हा सगळा एकच आजार आहे. पुढे साखरही त्यातच येते. आणि हे घराण्यात उतरतं. हिच्या आधी घरात कोणाला आहे?"

आई फरशीकडे बघू लागली, चुकूनसुद्धा माझ्याकडे नजर जाऊ नये म्हणून. आत्या मात्र एवढ्या उकाड्यात दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून बसली होती. तशीच बसायची ती नेहमी. डॉक्टरीणबाई उठल्या, तिच्या मागे गेल्या आणि "बघू बाई," म्हणत पदर खाली केला. मान काळी, जाड, ताईपेक्षाही काळी.

"तुम्हाला साखर आहे ना? मूल किती उशिरा झालं?"

आत्यानं वळून ताईच्या कानशिलात ठेवून दिली. ताई तपासायच्या टेबलावरून खाली पडली. "तू सांगितलं वं हिले!" ताईनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आत्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

आत्याला तो एकुलता एक मुलगा लग्नानंतर खूप वर्षांनी झाला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षांत तिच्या सासूनं तिच्या पोटावर तापलेल्या उलथण्यानं डाग दिले होते, हेही माहीत होतं. पण आत्याचं ते आणि ताईचं हे एकच, असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकाच घराण्यातून ते आत्याकडे आलं आणि वडिलांमार्फत आम्हा दोघींकडे. वडिलांना दाढीमिशी होतीच, त्यांच्यात कोणाला काय दिसणार?

औषधानं ताईचं रक्त थांबलं आणि वडील तिला आमच्या घरी घेऊन आले. थोड्याच दिवसांत आत्या आणि आतेभाऊ लुगडं-नारळ घेऊन दारात उभे. ताईला न्यायला नव्हे. मला मागायला.

"मोठीबी राहीन, लहानीबी राहीन. बहिणी-बहिणी नांदतीन," आत्या वडिलांना म्हणाली. "नाई तं ठेव मोठीले जन्मभर तुह्याच घरी. मी बाहेरची आणतो." दुसरी बायको कायद्यात बसत नाही, पण कायदा कोर्टात. गल्लीत कोण विचारतं?

वडील म्हणाले, "मोठीचं घर वाचत असंन तं..." आई रडत होती, पण नाही म्हणत नव्हती. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. तीच मोरी, तीच फुंकणी, आणि मधे कधीतरी हिरवी चोळी.

मी उठले, आत्यापुढे पाठ करून बसले आणि वेणी वर धरली. "बघ आत्या. हा मळ वळखते का? मलेबी महिना-महिना पाळी येत नाई. माय मले खोटीच बाहेर बसवते. ने मले, घास."

पहिली थप्पड आईची. पुढचं आत्याचं. तिनं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं, परत आपटलं. "दोन्ही सडक्या! माह्या पोराच्या गळ्यात बांधून राहिले होते!" आतेभाऊ सवयीनं चप्पल काढत होता. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली आणि तो तिनं नवऱ्याच्या पायावर घातला. तो बोंबलत खाली बसला. मग तिनं आत्याचा हात असा पिरगाळला की बांगड्या फुटल्या आणि माझी वेणी सुटली.

"हे तुह्याच बापाच्या घरचं आहे," ताई ओरडली. तिचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुलेबी आहे, मलेबी आहे, हिलेबी आहे. इतके दिवस कोणाले मारून राहिली तू?"

आत्या आमच्या दोघींकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि स्वतःच्या पोटावर बुक्क्या मारू लागली. नाटक नव्हतं ते. आम्हाला मारायची तेवढ्याच जोरानं मारत होती, "मर, मर," म्हणत. वडील भिंतीला टेकून नुसते उभे. ताईनं वरवंटा खाली ठेवला आणि आत्याचे दोन्ही हात धरले. आत्या तिला चावली, तरी सोडले नाहीत.

ताई परत नांदायला गेली नाही. माझं लग्न झालं नाही. यथावकाश दोघींना साखर झाली. ताईनं आत्याचे हात धरले, याचं नातेवाईक आजही कौतुक करतात. मी करत नाही. माझ्या कपाळातून रक्त गळत होतं आणि मला आत्याची काडीचीही दया येत नव्हती. मी ताईच्या जागी असते तर तिला मारून घेऊ दिलं असतं.