रंध्याची बारा टेबलं

लोक त्याला रंधा म्हणायचे. सुतार होता म्हणून, आणि समोरच्याची साल काढल्याशिवाय त्याला बोलताच यायचं नाही म्हणूनही. एकतीस वर्षं त्यानं सरकारी कचेरीत टेबलं घडवली. साहेब आले, गेले; याची मान कुणापुढे वाकली नाही. निवृत्तीच्या दिवशी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यानं शिपायाच्या हातात ठेवलं आणि चालू लागला. "वेळ तुम्ही बघा, मी काम बघितलं."

सून अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. चोवीस पोरं जमिनीवर बसून, पाटी मांडीवर धरून ब्रेलचे ठिपके टोचायची. पाटी हलली की ठिपका चुकायचा आणि पोरगं रडकुंडीला यायचं. सोमवारी तपासणी होती. टेबलं नसतील तर शाळेची मान्यता जाणार होती. शाळेच्या संस्थेनं अर्ज करकरून रंध्याच्याच कचेरीतली जुनी वीस टेबलं मंजूर करून घेतली.

"बाबा, तुम्हीच आणा," सून म्हणाली. "पण भांडू नका."

"मी कधी भांडतो?" म्हणत तो टेम्पोत बसला.

गोदामाच्या दाराशीच धाडधाड आवाज कानावर आला. शिपाई घणानं टेबलांचे पाय फोडत होता. आठ आडवी झाली होती. स्टोअरकीपर स्वतःच्या डुगडुगत्या टेबलाशी बसून यादीवर खुणा करत होता. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

"हे काय चाललंय?"

"नियम," स्टोअरकीपर मान वर न करता म्हणाला. "दान फक्त निरुपयोगी मालाचं करता येतं. यादीत 'मोडकं' लिहिलंय. उद्या कुणी तपासायला आलं आणि टेबल धड निघालं, तर माझी नोकरी जाईल."

"म्हणून धड टेबल मोडायचं?"

"कागद खोटा पडू नये म्हणून."

"अक्कल गहाण ठेवलीय, का मुळात मिळालीच नव्हती?"

"तोंड सांभाळ, रंध्या. आता तू इथला कुणी नाहीस. पटत नसेल तर टेम्पो रिकामा ने. सगळं भंगारात घालतो."

रंध्याचा हात शिवशिवला. पण नजर उभ्या टेबलांवर गेली. बारा. दोन-दोन पोरं बसवली तर बरोबर बारा लागत होती. एक कमी चालणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तोंडात आलेली शिवी गिळली. ती कडू लागली.

"बाजूला हो," तो शिपायाला म्हणाला. "मोडायचीच तर मी मोडतो. घडवलीत मी."

स्टोअरकीपर हसला. "शहाणा झालास."

त्या टेबलांना खिळा नव्हता. खाचेत पाय बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकलेली होती, आणि ती कुठल्या बाजूनं सुटते हे फक्त रंध्याला ठाऊक होतं. पिशवीतून त्यानं हातोडी आणि लोखंडी कांडी काढली. दोन टोले, खुंटी बाहेर, पाय हातात. प्रत्येक पायावर खडूनं आकडा टाकला, खुंट्या खिशात. तासाभरात अठ्ठेचाळीस पाय जमिनीवर पसरले.

स्टोअरकीपरनं येऊन बघितलं. "आता कसं, मोडकं दिसतंय." त्यानं बारा खुणा केल्या, सही ठोकली.

घणानं फोडलेली आठही रंध्यानं टेम्पोत चढवली. त्यांतला एक पाय त्यानं बराच वेळ हातात धरला. उभा चिरला होता. खुंटीनंच काय, कशानंच तो जुळणार नव्हता.

निघताना स्टोअरकीपरनं हाक मारली. "अरे, आलाच आहेस तर माझ्या या टेबलाला एक पाचर मारून जा. वर्षभर डुगडुगतंय."

रंध्यानं वाकून पुठ्ठ्याची घडी बघितली. मग ती हलकेच ओढून काढली. टेबल एका अंगाला कलंडलं, यादी घसरून खाली पडली.

"असू दे असंच," तो म्हणाला. "पुढच्या यादीत घालायला घण लागणार नाही."

सोमवारी तपासणीला आलेल्या बाईंनी टेबलावर हात टेकवून जोर दिला. टेबल हललं नाही. पोरं ठिपके टोचत राहिली.