बिनकडीचं घर

कोल्ड स्टोरेजमध्ये पोती वाहणाऱ्या त्या माणसाला सगळे थंडोबा म्हणत. एकदा तिथल्या बिनखिडकीच्या खोलीत तो बटाट्याची थप्पी लावत असताना कुणीतरी न बघताच बाहेरून दार लावून घेतलं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, पण त्या जाडजूड दारापलीकडे हाक जाते कसली! कुणीतरी आत विसरलेलं जाकीट न्यायला परत आलं, म्हणून हा वाचला.

घरी आल्या आल्या त्याने पेचकस घेतला आणि घरातली एकूण एक कडी, खिट्टी काढून टाकली. न्हाणीघराचीसुद्धा.

"पाहुणे आले की मी काय दाराबाहेर राखण करत बसू?" बायको करवादली.

"बस," तो म्हणाला.

मग घरात रीतच पडली: अंघोळीला जाणाऱ्याने मोठ्याने गाणं म्हणायचं. शेजारी हसून हसून बेजार. थंडोबाला मात्र त्या घरात गाढ झोप लागायची. त्याची लेक जन्मली ती याच घरात.

लेक सहा वर्षांची झाली, तेव्हा ते तिच्या आत्याचं नवं घर बघायला गेले. लेक न्हाणीघरात शिरली आणि आतून खट्ट असा आवाज आला. मग इवल्या मुठी दारावर आदळू लागल्या.

"बाबा, दार उघडत नाही!"

थंडोबा दाराकडे धावला. त्याने आवाज कसाबसा सावरला. "घाबरू नकोस, बाळा. खिट्टी मागे ओढ."

आतून रडवेला आवाज आला.

"खिट्टी म्हणजे काय, बाबा?"