चार वाड्यांची बैठक

लोणावळ्याच्या मालधक्क्यावरचे एक कारकून रोज संध्याकाळी वाचनालयात येत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत आणि बोलण्याआधी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत. तेवढ्या वेळात सगळे गप्प होत. मी शाळामास्तर, वर्गाबाहेर माझ्यासाठी कुणी गप्प बसत नसे.

तेव्हा दिल्लीत राज्यघटना तयार होत होती. अमेरिकेत पुरेशा राज्यांनी मागणी केली, तर घटना दुरुस्त करायला खास परिषद बोलवावी लागते, हे मी वाचनालयात तासभर समजावले. एकाने विचारले, "पण त्या परिषदेनं भलतंच काही बदललं तर?" मी पुस्तकाची पाने चाळू लागलो.

कारकुनांनी चष्मा पुसला. "आमच्या गावात चार वाड्यांनी मागितलं की पाटलाला बैठक घ्यावीच लागती. मागं खाचरांच्या पाण्याची पाळी ठरवाया बसलो, आन उठलो ते होळीचा मान बदलून. पाणी ऱ्हायलं तसंच."

सगळे हसले आणि सगळ्यांना कळले. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

पुढच्या आठवड्यात कामशेतच्या सभेत तीच गोष्ट मी माझ्या आजोळची म्हणून ठोकून दिली. मग दिसले, मागच्या बाकावर तेच कारकून बसले होते. तेवढ्यात कुणीतरी शंका काढली, "असं कुटं व्हतं का, मास्तर?"

कारकून उठले. चष्मा पुसू लागले. सभा गप्प झाली.

"व्हतं," ते म्हणाले. "मास्तरांच्या आजोळी त्या बैठकीला मी गेलतो."

तेव्हा कुठे लोकांचा माझ्यावर विश्वास बसला.